२००९ मध्ये अमेरिकी सरकारने जीएम आणि क्रायस्लर वाचवल्या: ते योग्य होतं का, आणि बुडवल्याचा दोष युनियनचा होता का?

मुद्देसूद
अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या बेलआउटवर चर्चा सुरू झाली की दहाव्या मिनिटाला ती दोन ठरलेल्या वाक्यांवर येऊन थांबते. एक, 'युनियनने कंपन्या खाल्ल्या.' दोन, 'सरकारने युनियनला वाचवलं.' मला दोन्ही अर्धवट वाटतात, म्हणून हा धागा.

आधी घटनाक्रम. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स (जीएम), फोर्ड आणि क्रायस्लर यांचे प्रमुख २५ अब्ज डॉलर मागायला वॉशिंग्टनला गेले. डिसेंबरात आकडा ३४ अब्जांवर पोचला. प्रतिनिधीगृहाने १४ अब्जांचं विधेयक मंजूर केलं, पण ११ डिसेंबरला सिनेटमध्ये ते ५२ विरुद्ध ३५ असं अडकलं, कारण पुढे न्यायला ६० मतं लागत होती. १९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या ७०० अब्जांच्या निधीतून १७.४ अब्ज देऊ केले. ओबामा सरकारने ३० मार्च २००९ ला दोन्ही कंपन्यांच्या योजना नाकारल्या आणि जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना जायला सांगितलं. ३० एप्रिलला क्रायस्लर आणि १ जूनला जीएम दिवाळखोरीत गेली. दोघीही साधारण सहा आठवड्यांत बाहेर आल्या.

माझं मत: मदत करणं भाग होतं. पण तिची किंमत कोणी किती मोजली, हे न्यायाने ठरलं नाही. ज्याच्या हातात सही केलेला कागद होता आणि ज्याच्याशिवाय कारखाना सुरू होणार नव्हता, तो वाचला. युनियनकडे दोन्ही होतं. सहमत असाल तर पुरावे द्या, नसाल तर जास्तच द्या.

रोखठोक
पूर्ण असहमत. विमान कंपन्या वर्षानुवर्षं साध्या दिवाळखोरीत जातात, न्यायाधीशासमोर करार नव्याने होतात, विमानं उडत राहतात. वाहन कंपन्यांना वेगळा न्याय का?

आणि युनियनचा दोष नाही कसा म्हणता? युनायटेड ऑटो वर्कर्सच्या कामगारावर तासाला ७० डॉलरच्या वर खर्च होता. दक्षिणेतल्या राज्यांत टोयोटा, होंडा आणि इतर परदेशी कंपन्यांचे युनियन नसलेले कारखाने त्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात चालत होते. वर 'जॉब्स बँक': काम नसलेल्या कामगाराने येऊन बसायचं आणि जवळजवळ पूर्ण पगार घ्यायचा. ही १९८४ च्या करारातली तरतूद २००८ च्या अखेरपर्यंत जिवंत होती. जगात कुठली कंपनी असं करून टिकेल?

जमाखर्च
@रोखठोक, ७० डॉलर हा आकडा खोटा नाही, पण तो तासाचा पगार नाही. फोडून दाखवतो.

जुन्या कायम कामगाराचा मूळ पगार तासाला सुमारे २८ डॉलर. त्यात ओव्हरटाइम, सुट्ट्या, त्याचा स्वतःचा आरोग्यविमा, पेन्शनचा हप्ता घातला की ५५ च्या आसपास. ७० व्हायला जे १५ लागतात ते निवृत्त झालेल्यांच्या आरोग्यखर्चाचे आणि पेन्शनचे. तो खर्च आजच्या कामाच्या तासांनी भागला की फुगलेला आकडा मिळतो. कारखाना जितका आक्रसेल तितके तास कमी, म्हणजे भागाकार आणखी मोठा! कामगाराला एक डॉलरही न वाढवता 'तासाचा खर्च' वाढत जातो. जपानी कंपन्यांचे अमेरिकेतले कारखाने ऐंशीच्या दशकातले, तिथे निवृत्त माणसं जवळपास नव्हतीच.

आता गाडीमागे काय पडतं ते बघा. इंजिन, पत्राकाम, जुळणी असं सगळं मिळून एका गाडीला तीस-बत्तीस तास धरा. कामावरच्या माणसामागचा फरक तासाला दहा डॉलर धरला तरी गाडीमागे तीनशे-सव्वातीनशे डॉलर होतात. जीएम स्वतः आरोग्यखर्चाचा जो आकडा सांगत असे तो गाडीमागे सुमारे १,५०० डॉलर होता, त्यातला मोठा भाग निवृत्तांचा. म्हणजे ओझं होतं हे खरं, पण ते आज पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पगाराचं नव्हतं.

पाना_पक्कड
तीनशे डॉलरचा फरक गाडी चांगली असेल तर भरून निघतो. त्याच आकाराच्या, त्याच सोयींच्या गाडीला गिऱ्हाईक टोयोटाला हजार-दोन हजार जास्त मोजत होतं आणि जीएमला तेवढीच सूट देऊन गाडी काढावी लागत होती. तो तोटा डिझाइनचा आणि विश्वासाचा आहे. गाडीचं डिझाइन युनियन करत नाही.

वाचनवेडी
निवृत्तांचं ओझं कंपनीच्या डोक्यावर आलं कसं, ते कळल्याशिवाय ही चर्चा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

युद्धानंतर युनियनचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांना आरोग्यविमा आणि पेन्शन सरकारकडून, सगळ्या नागरिकांसाठी हवं होतं. काँग्रेसमध्ये ते होईना. मग १९५० मध्ये जीएमशी पाच वर्षांचा करार झाला, तो 'ट्रीटी ऑफ डेट्रॉइट' म्हणून ओळखला जातो. कंपनीने पेन्शन, आरोग्यविमा आणि महागाईनुसार पगारवाढ दिली. बदल्यात पाच वर्षं शांतता, आणि कुठली गाडी कुठे, कशी बनवायची हे ठरवण्याचा हक्क निर्विवादपणे व्यवस्थापनाकडे. तेव्हा जीएमकडे बाजाराचा जवळपास निम्मा हिस्सा होता. निवृत्त माणसं मूठभर. आजचा पगार वाढवण्यापेक्षा उद्याचं वचन देणं स्वस्त पडत होतं, म्हणून कंपनीने ते आनंदाने दिलं आणि दशकानुदशकं देत राहिली.

अशा वचनाचा धोका १९६३ मध्येच दिसला होता. स्टुडबेकरने साउथ बेंडचा कारखाना बंद केला, पेन्शन फंडात पैसे पुरेसे नव्हते. साठी गाठलेल्यांना पूर्ण मिळालं, चाळीस ते साठ वयाच्या हक्कदारांना हक्काच्या सुमारे १५ टक्के, त्याहून तरुणांना काहीच नाही. त्या धक्क्यातून पुढे १९७४ चा पेन्शन संरक्षण कायदा आणि पेन्शन हमी महामंडळ आलं. आरोग्यखर्चाला मात्र तशी हमी कधीच मिळाली नाही.

रोखठोक
इतिहास मान्य. पण करारावर दोघांनी सही केली ना? एकाला दोषी धरायचं आणि दुसऱ्याला पीडित, हे कसं? जॉब्स बँकेबद्दल कोणी बोललंच नाही.

पाना_पक्कड
बोलू या. जॉब्स बँकेत २००८ च्या शेवटी तिन्ही कंपन्या मिळून सुमारे साडेतीन हजार लोक उरले होते. डिसेंबरात युनियनचे अध्यक्ष रॉन गेटलफिंगर यांनी ती स्थगित करायला तयारी दाखवली. ती तरतूद चुकीची होती असंच माझं मत आहे. मूळ हेतू यंत्रमानव आणि बाहेरून घेतलेले सुटे भाग यांमुळे घरी बसणाऱ्याला नवीन काम शिकेपर्यंत आधार देण्याचा होता. कंपन्या आक्रसत गेल्या, नवीन काम आलंच नाही आणि आधाराचं वेतन झालं. त्याहून वाईट परिणाम असा की कामगार घरी बसवला तरी पगार द्यायचाच, मग व्यवस्थापन मागणी नसताना गाड्या बनवत राहिलं. त्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना स्वस्तात विकल्या, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव पडला आणि नवीनचाही.

पण खरं नुकसान कामाच्या श्रेण्यांनी केलं. मोटर बिघडली तर वीजतंत्री वायर सोडवणार, फिटर बोल्ट काढणार, तिसरा माणूस ती उचलणार आणि तिघं येईपर्यंत लाइन बंद. हे नियम युनियनने जपले. पण ते आले व्यवस्थापनाच्या पद्धतीतून. कामाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा दर लावायचा आणि डोकं चालवायचं नाही, ही शिस्त वरूनच आली होती. युनियनने त्याच तुकड्यांची तटबंदी केली.

याची सगळ्यात चांगली परीक्षा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला झाली. जीएमने तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, मधूनमधून संप, दर्जा तळाला. १९८४ मध्ये जीएम आणि टोयोटाने मिळून तोच कारखाना 'नूमी' नावाने सुरू केला. इमारत तीच, युनियन तीच, बहुसंख्य कामगारही तेच. बदललं ते हे: डझनावारी श्रेण्यांच्या जागी मोजून दोन-तीन. चार-पाच जणांचा गट आणि त्यांच्यातलाच एक गटप्रमुख. चूक दिसली की दोरी ओढायची, गटप्रमुख धावत येणार, ठरलेल्या अंतरात सुटलं नाही तर लाइन थांबणार. कामगारकपात करण्याआधी व्यवस्थापकांचे पगार कापले जातील आणि बाहेर दिलेलं काम आत आणलं जाईल, असं लेखी वचन. १९८८ मध्ये मागणी पडली तेव्हा एकालाही काढलं नाही, रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिलं. गैरहजेरी एक आकडी झाली आणि दर्जा जपानी कारखान्याच्या बरोबरीला आला.

हीच माणसं दोन वर्षांपूर्वी 'अमेरिकेतले सगळ्यात वाईट कामगार' ठरली होती. जीएमकडे हा धडा पंचवीस वर्षं स्वतःच्या घरात होता. दोरी बाकीच्या कारखान्यांतही लावली, पण ती ओढल्यावर मुकादम ओरडणार असेल तर दोरीचा उपयोग काय?

अनुस्वार
वरचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. नूमी शेवटी टिकली का?

पाना_पक्कड
नाही. २००९ च्या दिवाळखोरीत जीएमने तिच्यातून अंग काढलं, टोयोटाने एकट्याने चालवायचं नाही असं ठरवलं आणि एप्रिल २०१० मध्ये शेवटची गाडी निघाली. कारखाना टेस्लाने घेतला. बेलआउटच्या हिशेबात हे नुकसान कोणी धरत नाही.

गिअरबॉक्स
@रोखठोक, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो: साधी दिवाळखोरी का नाही?

अमेरिकी कायद्याच्या प्रकरण ११ मध्ये कंपनी धनकोंपासून संरक्षण घेते, पण चालू राहते. चालू राहायला रोज रोकड लागते. ती देणाऱ्याला बाकी सगळ्यांच्या आधी परतफेडीचा हक्क मिळतो, म्हणून एरवी बँका असं कर्ज आनंदाने देतात. २००८ च्या हिवाळ्यात बँका स्वतः सरकारच्या दारात होत्या. जीएमला दिवाळखोरीच्या काळासाठी ३३.३ अब्ज डॉलर लागले, त्यातले ३०.१ अब्ज अमेरिकी सरकारने आणि उरलेले कॅनडाने दिले. त्या वेळी एवढं कर्ज देणारा खासगी सावकार अस्तित्वात नव्हता. रोकड नसलेलं प्रकरण ११ काही आठवड्यांत प्रकरण ७ होतं, म्हणजे यंत्रं लिलावात आणि दाराला कुलूप.

दुसरं, विमानाचं तिकीट एका प्रवासाचं असतं. गाडी दहा वर्षांची. वॉरंटी आणि सुटे भाग मिळणार नाहीत अशी शंका आली की गिऱ्हाईक त्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून मार्च २००९ मध्ये वॉरंटीची हमी सरकारला स्वतः घ्यावी लागली.

तिसरं, पुरवठादार. सीट, वायरिंग, ॲक्सल बनवणारे माल आज देतात, पैसे दीड-दोन महिन्यांनी मिळतात. जीएमची देणी गोठली तर त्यांचा कच्च्या मालाचा पैसा संपतो. तोच पुरवठादार फोर्डला, होंडाला, टोयोटाला माल देतो, आणि एका वायरिंगच्या जुडग्यावाचून अख्खी लाइन थांबते. म्हणूनच फोर्डचे प्रमुख ॲलन मुलाली स्वतः पैसे न घेता प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या असं सांगत होते. फोर्डकडे रोकड होती, कारण २००६ मध्ये कारखाने, पेटंट आणि तो निळा लंबगोल शिक्का गहाण टाकून त्यांनी सुमारे २३ अब्ज उचलले होते. पुरवठादारांसाठी सरकारने वेगळा ५ अब्जांचा कार्यक्रम काढला तो याच भीतीने.

रोखठोक
रोकडीचा मुद्दा मान्य. माझा आक्षेप बदलून मांडतो: सरकारने कर्ज द्यायचं होतं, पण निकाल न्यायालयाने द्यायचा होता. क्रायस्लरमध्ये ६.९ अब्जांच्या तारणधारक धनकोंना २ अब्ज रोख मिळाले, डॉलरमागे २९ सेंट. आणि निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी असलेल्या युनियनच्या विनातारण ट्रस्टला नव्या कंपनीचे ५५ टक्के शेअर! तारणाला किंमत नसेल तर उद्या कर्ज कोण देईल?

अनुस्वार
हाच प्रश्न विचारायला आले होते. यात बेकायदा काही नव्हतं का?

गिअरबॉक्स
पायऱ्या अशा. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६३ खाली दिवाळखोर कंपनी आपली मालमत्ता विकू शकते. सरकारच्या पैशावर नवीन कंपनी उभी राहिली. तिने चांगले कारखाने, ब्रँड, डीलर आणि काही निवडक देणी घेतली. नको ते जुन्या कंपनीत राहिलं. जीएमच्या बाबतीत तिचं नाव मोटर्स लिक्विडेशन कंपनी झालं. विक्रीतून आलेले २ अब्ज क्रायस्लरच्या तारणधारकांचे, कारण लिलावात मालमत्तेला त्याहून जास्त भाव येणार नाही असं न्यायालयाला पटलं. नवीन मालकाने स्वतःच्या खिशातून कोणाला काय द्यायचं हा त्याचा प्रश्न. त्याला कामगार हवे होते, म्हणून त्याने ट्रस्टशी करार केला. पुरवठादारांची देणीही याच कारणाने पूर्ण भागली, त्यावर कोणी ओरडत नाही.

इंडियाना राज्यातले पेन्शन फंड विरोधात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ८ जून २००९ ला एका दिवसाची स्थगिती मिळाली, ९ ला उठली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या अपील न्यायालयाचा निकाल आता मुद्दा उरला नाही म्हणून रद्दबातल केला. थोडक्यात, कायदेशीर प्रश्नाचं ठाम उत्तर कधी मिळालंच नाही. मला मनापासून वाटतं की तुमची शंका रास्त आहे: खरेदीदार आणि सावकार दोन्ही सरकारच असेल आणि दुसरा बोलीदार नसेल, तर 'बाजारभाव' ठरला कसा?

जमाखर्च
एक दुरुस्ती. तो ट्रस्ट म्हणजे युनियन नव्हे. २००७ च्या करारात तिन्ही कंपन्यांनी निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची जबाबदारी एकरकमी पैसे देऊन स्वतंत्र ट्रस्टवर टाकायचं ठरवलं. ट्रस्टच्या समितीत ११ सदस्य, त्यातले ६ स्वतंत्र, ५ युनियनचे. जीएम या ट्रस्टला सुमारे २० अब्ज रोख देणं होती. प्रत्यक्षात मिळालं ते असं: १७.५ टक्के शेअर, ६.५ अब्जांचे अग्रहक्काचे शेअर आणि २.५ अब्जांची वचनचिठ्ठी. रोखीच्या जागी नुकत्याच दिवाळखोरीतून उठलेल्या कंपनीचा कागद. निवृत्तांचे दात आणि डोळ्यांचे लाभ त्याच वर्षी कापले गेले.

मात्र विनातारण रोखेधारकांचे २७ अब्ज होते आणि त्यांना १० टक्के शेअर व काही वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क, मिळाले. शेजारी ठेवून बघितलं तर तोल कुणीकडे होता ते दिसतंच.

सावली
तोल बघायचाच असेल तर डेल्फीकडे बघा. यावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही.

डेल्फी म्हणजे जीएमचाच सुट्या भागांचा विभाग, १९९९ मध्ये वेगळा काढलेला. तेव्हा युनियनने लिहून घेतलं की पुढे डेल्फीची पेन्शन बुडाली तर फरक जीएम भरेल. डेल्फी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. २००९ मध्ये पेन्शन हमी महामंडळाने तिच्या योजना ताब्यात घेतल्या आणि कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे अनेकांची पेन्शन कापली. युनियनच्या निवृत्तांना नव्या जीएमने फरक भरून दिला. सुमारे २०,००० बिगरयुनियन पगारदारांना, म्हणजे अभियंते, लेखापाल, पर्यवेक्षक, लिपिक यांना, काही नाही. अनेकांनी आयुष्याचा मोठा भाग जीएममध्येच काढला होता. ते न्यायालयात वर्षानुवर्षं लढले, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका ऐकायला नकार दिला.

एकाच इमारतीत काम केलेल्या दोन माणसांपैकी एकाला पूर्ण पेन्शन, दुसऱ्याला कापलेली. मुद्देसूद म्हणतात तो 'सही केलेला कागद' तो हाच.

रोखठोक
सावली, हे मला ठाऊक नव्हतं. माझा मुद्दा यामुळे बळकट होतो असं म्हणणार होतो, पण विचार केल्यावर तसं वाटत नाही. युनियनने १९९९ मध्ये स्वतःच्या लोकांसाठी करायला हवं तेच केलं. बाकीच्यांसाठी ते करणारं कोणी नव्हतं.

नांगर
युनियनने 'स्वतःच्या लोकांसाठी' केलं म्हणता, पण स्वतःच्या तरुण लोकांचं काय? २००७ च्या करारात दोन स्तर आले. जुना कामगार २८ डॉलरवर, नवीन भरती १४-१५ वर. एकाच पट्ट्यावर, समोरासमोर उभं राहून, तोच दरवाजा बसवताना. नवीन माणसाला ठरलेली पेन्शन नाही, निवृत्तीनंतर आरोग्यविमा नाही. २००९ मध्ये महागाईभत्ता थांबला, बोनस थांबले आणि २०१५ पर्यंत पगारासाठी संप न करण्याचं कलम आलं. ते सरकारी कर्जाच्या अटींतून आलं होतं.

हे भोगणारे करारावरच्या मतदानाच्या वेळी भरतीच झाले नव्हते. ज्याला मत नाही त्याच्या माथी खर्च, हा युनियनवरचा खरा आक्षेप आहे, आणि तो ७० डॉलरवाल्यांनी कधीच घेतला नाही.

पुढचा भागही सांगायला हवा. २०१५ मध्ये वरच्या पगारापर्यंत पोचायला आठ वर्षांची शिडी मिळाली. २०१९ मध्ये जीएममध्ये ४० दिवस संप झाला. १५ सप्टेंबर २०२३ ला तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी, पण सगळे कारखाने बंद न करता संप सुरू झाला: वेंट्झव्हिल, वेन आणि टोलीडो इथले तीनच कारखाने, सुमारे १३,००० कामगार. संपनिधी ८२.५ कोटी डॉलरचा आणि भत्ता आठवड्याला ५०० डॉलर. दीड लाखाच्या आसपास सभासद एकदम बाहेर काढले असते तर निधी तीन महिन्यांच्या आत संपला असता. मोजकेच कारखाने रोखल्यामुळे पुढचा कुठला, हे कंपनीला कळेना आणि पैसाही पुरला. साडेचार वर्षांत २५ टक्के मूळ वाढ, महागाईभत्ता परत, आठ वर्षांची शिडी तीन वर्षांवर. २००९ मध्ये दिलेलं बरंचसं परत मिळवायला चौदा वर्षं लागली.

वाचनवेडी
तुलनेसाठी दुसरी उदाहरणं.

क्रायस्लर, १९८०: सरकारने पैसे दिले नाहीत, १.५ अब्जांच्या कर्जांना हमी दिली. अट अशी की बँका, पुरवठादार, राज्यं, कामगार सगळ्यांनी आधी आपापला वाटा सोडायचा. युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर आले. सरकारने शेअर घेण्याचे वॉरंट ठेवून घेतले. कर्ज १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षं आधी फिटलं आणि वॉरंट विकून सरकारला ३१.१ कोटी डॉलर मिळाले.

ब्रिटिश लेलँड ही ब्रिटनची वाहन कंपनी, १९७५: सरकारने कंपनीच घेतली, पैसा ओतत राहिले. अनेक कारखाने, एकमेकांशी झुंजणाऱ्या गाड्या आणि कारखान्यागणिक वेगवेगळ्या युनियन, यातलं काहीच सुरुवातीला बदललं नाही. तुकडे विकत विकत शेवटचा भाग एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजला कोसळला, सुमारे ६,००० नोकऱ्या गेल्या.

स्वीडन: साब ही वाहन कंपनी ताब्यात घ्यायला सरकारने साफ नकार दिला. डिसेंबर २०११ मध्ये ती दिवाळखोर झाली, ट्रोलहॅटनमधल्या तीन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. पण तिथे आरोग्यसेवा नोकरीला बांधलेली नव्हती. कंपनी बुडणं आणि घर बुडणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

पाना_पक्कड
शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. त्यात जर्मनीच्या फोक्सवागेनची भर घालतो. १९९३ मध्ये सुमारे ३०,००० माणसं जास्त आहेत असं कंपनी म्हणाली. युनियनने आठवडा २८.८ तासांवर आणायला होकार दिला. वार्षिक पगार घटला, पण बोनसचे पैसे बारा महिन्यांत वाटून महिन्याची रक्कम तीच ठेवली. कोणाला काढलं नाही. देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, त्यामुळे हिशेबाच्या वह्या त्यांनी आधीच बघितलेल्या असतात. डेट्रॉइटमध्ये युनियनला वह्या दिसायच्या त्या बुडायची वेळ आल्यावर.

अनुस्वार
आणि सरकारचा शेवटचा हिशेब? पैसे परत आले की नाही?

जमाखर्च
सगळे मिळून सुमारे ८० अब्ज गेले, तोटा ९.३ अब्जांच्या आसपास. जीएममध्ये ४९.५ अब्ज घातले, ३९ अब्ज आले. क्रायस्लरमध्ये १२.५ घातले, १.३ बुडाले. जीएमची वित्त कंपनी, जी पुढे अ‍ॅलाय झाली, तिच्यात १७.२ घातले आणि १९.६ आले. जीएमचे शेअर नोव्हेंबर २०१० मध्ये ३३ डॉलरला बाजारात आले, सरकारने शेवटचा शेअर ९ डिसेंबर २०१३ ला विकला.

दोन गोष्टी या आकड्यात नाहीत. नव्या जीएमला जुन्या कंपनीचे सुमारे ४५ अब्जांचे संचित तोटे करासाठी वापरू दिले. एरवी मालकी बदलल्यावर त्यावर कडक मर्यादा येते. तो कर सरकारला मिळाला नाही. उलट बाजूला, कंपन्या बंद पडल्या असत्या तर बेकारभत्ता आणि पेन्शन हमीचा खर्च सरकारवरच आला असता. एप्रिल २०१० मध्ये 'कर्ज मुदतीआधी फेडलं' अशी जाहिरात झाली, ती ६.७ अब्जांपुरती होती आणि ते पैसे सरकारनेच ठेवलेल्या राखीव खात्यातून आले होते.

गिअरबॉक्स
तिसरी गोष्ट राहिली. कलम ३६३ ची विक्री 'जुन्या दाव्यांपासून मुक्त' असते. २०१४ मध्ये जीएमने सदोष इग्निशन स्विचमुळे (किल्ली फिरवून गाडी सुरू करतो तो) २६ लाख गाड्या परत मागवल्या. स्विच हलला की इंजिन बंद आणि एअरबॅगही बंद. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. २००९ पूर्वीचे दावे जुन्या कंपनीकडे, असं नव्या जीएमने न्यायालयात म्हटलं. कंपनीला दोष माहीत असताना गिऱ्हाइकांना सूचना दिली नव्हती, म्हणून २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती ढाल बरीचशी काढून घेतली. वाटाघाटीच्या टेबलावर नसलेल्यांच्या यादीत गाडी चालवणाराही होता.

मुद्देसूद
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. सुरुवातीला मी 'कागद' म्हणालो तेव्हा युनियनचा करार डोळ्यांसमोर होता. डेल्फी, दोन स्तर आणि इग्निशनचे दावे वाचल्यावर चित्र मोठं झालं. युनियनने बुडवलं नाही, आणि सरकारने फक्त युनियनला वाचवलंही नाही. पण पुढच्या वेळी अटी काय असाव्यात? रोखठोक, तुम्हीच सुरुवात करा.

रोखठोक
करतो. सरकारने फक्त रोकडीचं कर्ज द्यावं, मालकी घेऊ नये. विक्रीला दुसरा बोलीदार यावा म्हणून निदान ९० दिवस द्यावेत. तारणधारकांना नव्या कंपनीतही हिस्सा घेण्याचा पर्याय असावा. आणि सोडून दिलेल्या प्रत्येक डॉलरचा तक्ता गटागटाने, मतदानाआधी जाहीर व्हावा: कामगार, निवृत्त, रोखेधारक, डीलर, व्यवस्थापन.

गिअरबॉक्स
९० दिवसांत गिऱ्हाईक निघून जाईल. क्रायस्लरला ४२ दिवसच जेमतेम परवडले. बाकी तिन्ही मान्य.

नांगर
त्या तक्त्यात 'अजून भरती न झालेले' अशी एक ओळ हवी. नवीन भरतीचा पगार कापून वाचवलेला पैसा किती, ते त्या ओळीत दिसेल.

सावली
आणि माझी एकच अट. सरकारी पैशावर चालणारी नवीन कंपनी एका गटाच्या निवृत्तांची पेन्शन भरून देणार असेल, तर पेन्शन योजना चालवणाऱ्या त्याच कंपनीच्या बाकीच्या निवृत्तांनाही त्याच प्रमाणात भरून द्यावी, युनियनचं सभासदत्व असो वा नसो. कर्जाच्या मसुद्यात हे एक कलम पुरेसं होतं.